चाड्यावरची मूठ

लाकडी भुशाच्या कांड्यांवर चालणारा पेलेट स्टोव्ह मध्येच विझला की बहुतेक घरांत पहिला हात जातो तो हॉपरच्या, म्हणजे जळणाच्या टाकीच्या, झाकणाकडे. उघडून पाहावं तर जळण काठोकाठ. मग बोट जातं सुरू करण्याच्या बटणाकडे. पंखा घरघरतो, चार पेलेट पडतात किंवा तेवढेही पडत नाहीत, आणि थोड्या वेळानं पुन्हा तोच लाल दिवा. अमेरिकेतल्या व्हरमाँट किंवा मेनसारख्या राज्यात, जानेवारीच्या रात्री बाहेर उणे पंधरा अंश असताना हा खेळ तीनदा झाला की माणूस वैतागतो, जळण ढकलणारी मोटर गेली असं ठरवतो आणि नवी मागवतो. नवी मोटर बसते. स्टोव्ह तसाच.

पेलेट स्टोव्हच्या तक्रारींत ‘जळण पडत नाही’ ही तक्रार सर्रास आढळते आणि तिचं निदानही सर्रास चुकतं. जळण पडत नाही म्हणून आपण जळण पाडणाऱ्या भागाकडे पाहतो. दोष मात्र अनेकदा धुराड्यात, दाराच्या दोरीत किंवा चार दिवस न काढलेल्या राखेत असतो.

पाभरीनं पेरताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे यंत्र समजायला वेळ लागणार नाही. वर लाकडी चाडं, खाली गेलेल्या नळ्या आणि चाड्यावर मूठ धरून चालणारा अनुभवी हात. मुठीतून बी किती सुटतं त्यावर सगळी पेर. दाट सुटलं तर पीक कोंडतं, विरळ सुटलं तर रान मोकळं राहतं. नळीच्या तोंडाशी ओली माती बसली की बी आतच अडतं. लक्ष नसेल तर काकरी रिकामी जाते आणि ते कळतं थेट उगवणीला. पेलेट स्टोव्हमध्ये हॉपर म्हणजे चाडं आणि ऑगर नावाचा मळसूत्री दांडा म्हणजे मूठ. फरक एवढाच की ही मूठ स्वतःच्या मर्जीनं उघडत नाही. आधी तिला तीन ठिकाणांहून होकार यावा लागतो.

मिनिटाला पंचवीस

हे यंत्र मूळचं अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं. तिथल्या लाकूड गिरण्यांतून भुशाचे ढीग निघत आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्वस्त जळणाची गरज सगळ्यांनाच जाणवू लागली होती. बोईंगमध्ये काम केलेले एरोनॉटिकल इंजिनिअर जेरी व्हिटफिल्ड यांनी १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात घरगुती पेलेट स्टोव्ह तयार केला. पुढे तो युरोपात गेला आणि इटलीत तर घरोघरी पोचला.

पेलेट म्हणजे कोरडा भुसा प्रचंड दाबाखाली साच्याच्या भोकांतून काढून केलेली कांडी. दाबामुळे तापलेल्या लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच डिंकाचं काम करतं. वेगळा गोंद सहसा लागत नाही. कांडीची जाडी साधारण ६ मिलिमीटर, लांबी बोटाच्या पेरापेक्षा कमीच. दोन सेंटिमीटर लांबीचा एक पेलेट भरतो ग्रॅमच्या दोनतृतीयांश एवढा. मध्यम आंचेवर स्टोव्ह तासाला सुमारे एक किलो जळण खातो, म्हणजे तासाला दीड हजार पेलेट, मिनिटाला पंचवीस. एवढी बारीक पेर रात्रभर न चुकता करायची, हे ऑगरचं काम.

त्यासाठी त्याची मोटर अतिशय संथ ठेवलेली असते. दातेरी चाकांच्या पेटीतून वेग उतरवत उतरवत मिनिटाला एक ते चार फेरे, बहुधा एवढेच. तेही सलग नाहीत. दोन सेकंद चालू, चार सेकंद बंद, अशा झटक्यांनी. आंच वाढवली की चालू राहण्याचा काळ वाढतो, कमी केली की घटतो. नवख्या माणसाला वाटतं मोटर अडखळते आहे. खरं तर तीच तिची चाल असते.

आधी ऐका, मग उघडा

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी स्टोव्ह सुरू करून त्याच्या बाजूला दोन मिनिटं बसा. मोटर कशी वागते यावरून अर्धं निदान होतं. चार शक्यता असतात.

पहिली, मोटरही फिरते आणि ऑगरही फिरतो, पण पेलेट येत नाहीत. दोष वर, हॉपरमध्ये. दुसरी, मोटर गुणगुणते, झटका देते, मागे येते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. ऑगर नळीत अडकला आहे किंवा मोटरच्या पेटीतले दाते झिजले आहेत. तिसरी, मोटरचा दांडा फिरतो पण ऑगर जागचा हलत नाही. दोघांना जोडणारा स्क्रू सैल झाला आहे किंवा पिन तुटली आहे. हा दोष पाच मिनिटांचा. चौथी, मोटर अगदी गप्प. तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही. नवी मोटर मागवण्याची चूक लोक बहुधा इथेच करतात.

हॉपर भरलेला, तरी रिकामा

पहिल्या शक्यतेत घडतं ते असं. ऑगरच्या तोंडावरचे पेलेट खाली जातात, पण वरचे त्यांची जागा घेत नाहीत. कांड्या एकमेकींत गुंतून कमान धरतात. दगडी कमान जशी स्वतःच्याच भारानं उभी राहते तशीच ही. वरून पाहिलं तर हॉपर भरलेला दिसतो आणि कमानीखाली पोकळी असते. कधी मधोमध विहिरीसारखं भोक पडतं आणि कडेचं जळण जागेवरच राहतं.

याला तीन गोष्टी कारण होतात. पहिली लांबी. युरोपातल्या प्रमाणपत्रानुसार पेलेट ४० मिलिमीटरपेक्षा लांब नसावा, कारण लांब कांडी आडवी पडली की कमानीची पहिली तुळई तीच होते. दुसरी भुसा. पोती आपटली, ट्रकमधून खाली टाकली की कांड्या तुटून भुकटी होते. ती हॉपरच्या उतारावर बसते आणि उतार खरखरीत करते. तिसरी ओल. चांगल्या पेलेटमध्ये पाण्याचा अंश १० टक्क्यांपेक्षा कमी असतो. तळघराच्या फरशीवर थेट ठेवलेलं, पिशवीला भोक पडलेलं पोतं ओल धरतं आणि कांड्या फुगून एकमेकींना चिकटतात.

उपाय साधा आहे. स्टोव्ह बंद करून, प्लग काढून, लाकडी काठीनं जळण हलवा. यंत्र चालू असताना हॉपरमध्ये हात घालू नका. मिनिटाला दोन फेरे घेणारा ऑगर निरुपद्रवी वाटतो, पण दात्यांनी वेग उतरवलेल्या मोटरची ताकद बोट चिरडायला पुरते. कमान वारंवार धरत असेल तर पोतं बदलून पाहा. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात चार पेलेट टाका. चांगला पेलेट आधी बुडतो, कारण तो पाण्यापेक्षा जड असतो. मग फुलतो आणि काही वेळात त्याचा पुन्हा भुसा होतो. ओल धरलेल्या पोत्याचं हळूहळू काय होत असतं, ते या पेल्यात दिसतं.

नळीतलं बूच

भुकटी हॉपरमध्ये कमान धरते, तर ऑगरच्या नळीत बूच होते. मळसूत्राचा शेवटचा आटा आणि नळीचा तळ यांच्यामध्ये ती साचत जाते, प्रत्येक फेऱ्यात थोडी दाबली जाते आणि महिनाभरात लाकडासारखी घट्ट होते. आधी चिवचिवल्यासारखा आवाज येतो. दांडा बुशमध्ये घासतो आहे, आजूबाजूला भुसा साचतो आहे, याची ती खूण. दुर्लक्ष केलं तर एके दिवशी मोटर झटका देऊन थांबते.

बूच काढायला हॉपर पूर्ण रिकामा करावा लागतो. पेलेट डब्यात काढून घ्या, तळाची भुकटी व्हॅक्यूम क्लीनरनं ओढा, मग ऑगरच्या तोंडाशी साचलेलं टोकदार काठीनं मोकळं करा. एवढ्यानं भागलं नाही तर मोटर सोडवून ऑगर बाहेर काढणं हाच मार्ग, आणि तो पहिल्यांदा जाणकारासोबत केलेला बरा. पेलेटच्या पोत्यात कधीमधी दगड किंवा लोखंडाचा तुकडाही निघतो. तो आट्यात अडकला की भुसा काढून काही होत नाही.

वरून जळण पडणाऱ्या स्टोव्हमध्ये ऑगर तिरका चढत जातो आणि पेलेट उंचावरून घसरगुंडीवाटे जळणाच्या कपात पडतात. मधली मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे कपातली आग उलटी हॉपरकडे सरकत नाही. या घसरगुंडीच्या तोंडाशी डांबरासारखी काजळी जमते आणि तिला पेलेट चिकटतात. टॉर्च घेऊन खालून वर पाहिलं तर ते लगेच दिसतं. ऑगर निर्दोष आणि वाट बंद, असा हा प्रकार.

मोटर गप्प का?

आता चौथी शक्यता. इथे मूठ बिघडलेली नसते, तिला होकार मिळालेला नसतो.

पहिला होकार धुराच्या ओढीचा. पेलेट स्टोव्हमध्ये धूर आपोआप वर जात नाही; मागचा पंखा तो खेचून बाहेर टाकतो. त्यामुळे भट्टीत हवेचा दाब खोलीपेक्षा किंचित कमी राहतो आणि कपाच्या भोकांतून ताजी हवा आत ओढली जाते. ज्यांनी पाणी तापवायचा तांब्याचा बंब पेटवला आहे त्यांना खालून हवा आणि वरून धूर हे गणित माहीत आहे. बंबात ते गणित ऊन हवा सांभाळते, इथे पंखा. पंखा थांबला किंवा वाट तुंबली आणि जळण मात्र पडत राहिलं, तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येणार. म्हणून एक बारीक रबरी नळी भट्टीतली ओढ मोजते आणि व्हॅक्यूम स्वीचला कळवते. ओढ पुरेशी असेल तरच स्वीच मिटतो. अमेरिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत मोटरची वीज या स्वीचमधूनच जाते. ओढ कमी झाली की मोटर मरते, आणि तसं होणं हीच यंत्राची शहाणीव.

तेव्हा मोटर गप्प असेल तर तपासणीचा क्रम असा. राख काढा, कपाखालची, भट्टीच्या मागच्या कप्प्यांतली आणि धुराच्या नळीच्या वळणातलीही. बाहेर जाऊन नळीच्या टोकाशी बर्फ, पानं किंवा पक्ष्याचं घरटं नाही ना ते पाहा. हवा अडवणारी दाराभोवतीची दोरी तपासा: स्टोव्ह थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा शिरते आहे. काही मॉडेलांत हॉपरच्या झाकणालाही अशीच दोरी असते. तिच्यावर एक पेलेट अडकला तरी ओढ घटते. शेवटी ती रबरी नळी काढून पाहा. ती उष्णतेनं चिरते किंवा तिच्या तोंडाशी राख बसते. नळी स्वीचला जोडलेली असताना तिच्यात फुंकर मात्र मारू नका. स्वीचचा पातळ पडदा फाटतो.

दुसरा होकार तापमानाचा. हॉपरजवळ किंवा ऑगरच्या नळीवर एक गोल, नाण्याएवढी चकती बसवलेली असते. तिथे मर्यादेपलीकडे धग पोचली की ती वीज तोडते, कारण आग हॉपरकडे सरकत असल्याची ती शक्यता असते. अनेक मॉडेलांत या चकतीवर मधोमध छोटं लाल बटण असतं. थंड झाल्यावर ते दाबलं की मोटर पुन्हा चालते. बटण दाबून काम झालं असं समजू नका. चकती का तापली, हा प्रश्न उरतोच. खोलीत गरम हवा फेकणारा दुसरा पंखा धुळीनं जाम झाला असेल, तर उष्णता बाहेर न जाता आतच कोंडते.

पेटलंच नाही म्हणून

तिसरा होकार आगीचा. स्टोव्ह सुरू झाल्यावर ठरावीक वेळात, बहुधा पंधरा-वीस मिनिटांत, धुराचं तापमान चढलं नाही तर यंत्र धरून चालतं की आग लागलेली नाही, आणि जळण बंद करतं. घरमालकाला वाटतं जळण बंद झालं म्हणून आग विझली. घडलेलं असतं उलट.

अशा वेळी दोष पेटवणाऱ्या कांडीत असू शकतो. विजेनं लाल होणारी ही कांडी काही हंगामांत जळून जाते. पण ती बदलण्याआधी कप नीट बसलाय का ते पाहा. साफ करताना कप थोडा तिरका बसला, की कांडीसमोर यायला हवं ते भोक भलतीकडेच जातं. कांडी लाल होते, धग पेलेटपर्यंत पोचतच नाही.

इथेच सगळ्यात धोक्याची चूक होते. न पेटलेला कप तसाच ठेवून लोक पुन्हा बटण दाबतात. प्रत्येक प्रयत्नात आणखी मूठभर पेलेट पडतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी कप ओसंडतो, पेलेट जळण्याऐवजी धुमसतात, भट्टीत दाट पांढरा धूर कोंडतो, आणि अचानक ठिणगी पडली की तो धूर एकदम पेट घेतो. मोठा आवाज होतो. दाराची काचही फुटू शकते. पुन्हा सुरू करण्याआधी स्टोव्ह पूर्ण निवू द्या आणि कप रिकामा करा. काढलेले पेलेट घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर, न जळणाऱ्या वस्तूवर ठेवा. राखेतला निखारा दोन दिवसांनीही जिवंत निघतो. तो साध्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढला तर क्लीनरच पेटेल.

मूठ सैल सुटली तर

जळण जास्त पडणं हाही वाटपाचाच दोष दिसतो, आणि तोही बहुतेक वेळा हवेचाच असतो. काच काळी पडते, ज्योत पिवळी आणि आळशी होते, कप भरत जातो. ऑगर पूर्वीइतकंच देत असतो. कपाची भोकं बुजल्यानं तेवढं जळत नाही. भोकं बुजवतो तो खंगर. राखेतले क्षार तापून वितळतात आणि निवले की वीटभट्टीतल्या खंगरासारखे कडक होतात. सालीचा अंश आणि माती जास्त असलेल्या पेलेटमध्ये खंगर जास्त धरतो. विदर्भातल्या पऱ्हाटीपासून, तुराट्यांपासून किंवा काडापासून केलेल्या पेलेटचा वापर आपल्याकडे कारखान्यांच्या बॉयलरमध्ये होतो. शेतातल्या जळणात पोटॅश आणि सिलिका लाकडापेक्षा जास्त असल्यानं तिथल्या कामगारांनाही हाच खंगर फोडत बसावा लागतो. म्हणून लाकडी पेलेटसाठी बनवलेल्या घरगुती स्टोव्हमध्ये शेतातल्या काड्यांचे पेलेट घालू नयेत.

जळणाचं प्रमाण कमी करण्याची सोय बऱ्याच स्टोव्हमध्ये असते. ती शेवटी वापरा. भोकं साफ न करता जळण घटवलं तर ज्योत काही दिवस बरी दिसते, आणि घर गार पडतं.

तीन गोष्टी कधीच करू नका

व्हॅक्यूम स्वीचच्या दोन तारा एकमेकींना जोडून मोटर चालवून पाहायची युक्ती मेकॅनिक वापरतात. ते निदानासाठी काही सेकंद तसं करतात आणि लगेच तारा पूर्ववत लावतात. ‘आता चालतंय ना’ म्हणून त्या तशाच ठेवल्या तर धूर घरात येण्यापासून अडवणारा पहारेकरीच घालवला. दुसरं, आग धरत नाही म्हणून रॉकेल, पेट्रोल किंवा कुठलाही द्रव कपात ओतू नका. तिसरं, कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा अलार्म लावल्याशिवाय स्टोव्ह पेटवू नका. या वायूला वास नाही. वीज गेली की धूर खेचणारा पंखाही थांबतो, त्या वेळी हाच अलार्म उपयोगी पडतो.

आणखी एक सवय लावून घ्या. पोतं हॉपरमध्ये ओतलं की झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारीख आणि वेळ लिहा. अमेरिकेतलं पोतं ४० पौंडांचं, म्हणजे साधारण १८ किलोचं. मध्यम आंचेवर ते अठरा तास जायला हवं. त्याच आंचेवर ते पंचवीस तास जाऊ लागलं तर नळीत बूच धरतं आहे. बारा तासांत संपू लागलं तर कुणीतरी प्रमाण बदललं आहे. स्टोव्ह बंद पडायच्या आठवडाभर आधी हा कागद ते सांगतो.

मार्च-एप्रिलमध्ये थंडी ओसरली की उरलेलं जळण जाळून हॉपर रिकामा करा, भुकटी ओढून घ्या आणि ऑगर रिकामा फिरेपर्यंत चालवा. उन्हाळ्याच्या दमट हवेत तिथे राहिलेले मूठभर पेलेट फुगतात, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या गार रात्री तेच बूच होऊन बसतं. हंगामात तक्रार उद्भवलीच, तर जळण, राख, धुराडं, दाराची दोरी, रबरी नळी, लाल बटण, पेटवणारी कांडी आणि मग मोटर, या क्रमानं जा. यातल्या पहिल्या सहा गोष्टी तपासायला बहुधा पैसे लागत नाहीत. मोटरची ऑर्डर देण्यापूर्वी त्या सहाही पाहून घ्या.